जहाज बंदरात जातं, देश जात नाही

सॅट-सीवर, म्हणजे उपग्रहावरून मेसेज घेणाऱ्या यंत्रावर, डिस्ट्रेसचा मेसेज आला की ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, जो अलार्म वाजतो तो आपला आपण थांबत नाही, कुणीतरी उठून हाताने बंद करावा लागतो, मुद्दामच तशी व्यवस्था आहे. बहुतेक वेळा मेसेज वाचला की कळतं, घटना पाच-सहाशे मैल लांबची आहे, मग आपण नोंद करतो आणि कामाला लागतो. त्या दुपारी पोझिशन एक्डिसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या समुद्राच्या नकाशावर, टाकली आणि बघते तर आमच्यापासून जेमतेम अडीच तासांवर, कोर्सच्या थोडं डावीकडे. लाकडी बोट, इंजिन बंद, पाणी शिरतंय, माणसं भरपूर. आणि मेसेजमध्ये आमच्याच जहाजाचं नाव घेऊन विचारलं होतं की तुम्हाला पोचायला किती वेळ लागेल.

मी बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर आहे, माझी वॉच म्हणजे ब्रिजवरची ड्यूटी बारा ते चार, दुपारची पण आणि रात्रीची पण. जगाचं एक सरकार असावं का, या आंतरराष्ट्रीय संघटना नुसत्या मीटिंगा घेतात का, असले वाद चालले की मी सहसा गप्प बसायचे, कारण दोन्हीकडचे लोक न्यूयॉर्कच्या यूएनच्या त्या मोठ्या हॉलबद्दल बोलत असतात आणि माझं काम समुद्रावरचं. पण त्या दिवशी आणि नंतरच्या दिवसांत जे बघितलं त्यानंतर माझं यावर ठाम मत झालंय, ते सांगायचंय.

कॅप्टनना फोन केला, ते लगेच वर आले, मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाले, "कोर्स बदल, इंजिन रूमला सांग जेवढा स्पीड देता येईल तेवढा द्या, आणि रेस्क्यू सेंटरला ईटीए, पोचायची वेळ, पाठव. कंपनीला मी कळवतो." कंपनीला परवानगी मागायचा प्रश्नच नव्हता. ज्याने जहाज भाड्याने घेतलंय त्या चार्टररचा तासातासाचा हिशोब असतो, तरीही अशा वेळी मालक असो नाहीतर चार्टरर, कॅप्टनच्या निर्णयात कुणालाही आडवं येता येत नाही, समुद्रावरच्या सुरक्षेच्या सोलास नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात तसं स्पष्ट लिहिलंय. आणि मदतीला जाणं ही कॅप्टनच्या मर्जीची गोष्टही नाही, १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराचं ९८ वं कलम सांगतं की आपल्या जहाजाला, क्रूला, प्रवाशांना गंभीर धोका होणार नसेल तर समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाला मदत करायलाच हवी, मग तो कुठला का असेना.

आता बघा, आमचं जहाज एका देशात रजिस्टर केलेलं, तो देश आमच्यापैकी कुणीच बघितलेला नाही. मालक दुसऱ्या देशातला, जहाज चालवणारी मॅनेजमेंट कंपनी तिसऱ्या, चार्टरर चौथ्या, आणि आम्ही बावीस जण वेगवेगळ्या पाच देशांचे. बोटीतल्या कुणीतरी सॅटेलाइट फोनवरून जमिनीवरच्या नातेवाइकाला फोन केला, त्याने त्याच्या देशातल्या रेस्क्यू सेंटरला कळवलं, त्या सेंटरने बघितलं की ही पोझिशन आपल्या हद्दीत नाही, मग ज्यांच्या हद्दीत आहे त्यांना दिली, त्यांनी आजूबाजूची जहाजं शोधून आम्हाला मेसेज केला. यातला एकही माणूस दुसऱ्याचा बॉस नाही. कुणी कुणाला ऑर्डर देऊ शकत नव्हतं, आणि तरी फोन झाल्यापासून काही तासांत आमचं सुकाणू फिरलं. वॉचवर उभं राहून बोटीच्या दिशेने बघत असताना मला हेच सारखं जाणवत होतं की हे कुणीतरी बसवलंय, आपोआप झालेलं नाही.

ते कसं बसवलं गेलं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि परीक्षा झाली की बहुतेक जण विसरतात. टायटॅनिक बुडालं एप्रिल १९१२ मध्ये, दीड हजारांवर माणसं गेली. लाइफबोटी सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या, आणि त्या रात्री जवळपास असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा रेडिओ ऑपरेटर झोपायला गेलेला होता, कारण चोवीस तास रेडिओ ऐकायलाच हवा असा नियमच नव्हता. जानेवारी १९१४ मध्ये पहिला सोलास करार झाला, लगेच महायुद्ध पेटलं आणि तो ठरल्याप्रमाणे अमलात येऊच शकला नाही, मग १९२९, १९४८, १९६० आणि आता चालतो तो १९७४ चा. हे सगळं सांभाळणारी संस्था म्हणजे आयएमओ, आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, लंडनमध्ये आहे, तिचा करार १९४८ ला झाला आणि प्रत्यक्ष कामाला लागायला १९५८ उजाडलं, कारण पुरेशा देशांनी मान्यता द्यायलाच दहा वर्षं घेतली. पुढे १९७९ मध्ये हॅम्बुर्गला शोध आणि बचावाचा करार झाला, त्यातून जगातला सगळा समुद्र वाटून घेतला गेला. मालकीसाठी नाही, जबाबदारीसाठी! म्हणजे इथे कुणी बुडालं तर हाक कुणी घ्यायची हे आधीच ठरलेलं. माणसांनी एकत्र येऊन केलेल्या कामांत मला हे फार मोठं वाटतं, आणि शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ नसते.

एक गोष्ट तर मी प्रत्येक नव्या कॅडेटला सांगते. संकटात सापडलेल्या जहाजाचा किंवा विमानाचा सिग्नल उपग्रहाने पकडायची कोस्पास-सारसॅट नावाची सिस्टीम आहे, ती अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन यांनी मिळून उभी केली, १९७९ मध्ये ठरलं. कोल्ड वॉर चालू, अफगाणिस्तान पेटलेलं, एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेली, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात एक छोटं विमान पडलं त्याचा सिग्नल सोव्हिएत उपग्रहाने पकडला, कॉसमॉस १३८३ त्याचं नाव, आणि तीन माणसं वाचली. जगाचं सरकार नव्हतं, जग अर्ध्यात फाटलेलं होतं, आणि तरी हे झालं.

बोट दिसली तेव्हा माझी वॉच संपत आली होती, पण खाली जायचा विचार कुणाच्या मनात येणार. चीफ ऑफिसर डेकवर, बोसन आणि एबी, म्हणजे डेकवरच्या खलाशी लोकांनी पायलट लॅडर (दोराची शिडी), जाळं, लाइफबॉय, दोर सगळं आधीच तयार ठेवलेलं. आम्ही माल भरून चाललो होतो म्हणून फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून डेकची उंची, त्यातल्या त्यात कमी होता, रिकामं जहाज असतं तर ती उंची त्या लोकांना चढता आली नसती. कॅप्टननी जहाज वाऱ्याच्या बाजूने आडवं घेऊन बोटीला आडोसा दिला. सगळ्यात मोठी भीती असते ती शेवटच्या मिनिटांची, जहाज जवळ आलं की सगळे एका बाजूला धावतात आणि बोट तिथेच उलटते, तासन् तास तग धरलेली माणसं जहाजाच्या सावलीत बुडतात, असं झालेलं आहे. म्हणून मला लाउडहेलर दिला, बाईचा आवाज ऐकून कदाचित लोक बसतील असं कॅप्टनना वाटलं. मी ओरडत राहिले, बसा, बसून राहा, एक एक जण. भाषा किती कळली माहीत नाही, बोटीत एक मध्यम वयाची बाई होती, ती उभी राहून मागच्यांना हाताने दाबून बसवत होती, खरं श्रेय तिचंच.

आधी मुलं वर घेतली, बास्केटमधून. मग बायका, मग पुरुष. अंधार पडेपर्यंत साठेक माणसं वर आली आणि बोट जवळजवळ पाण्याच्या लेव्हलला गेली होती. कुणाचा जीव गेला नाही. डेकवर आमचे एबी, जे एरवी एकमेकांशी कामापुरतं बोलतात, ते आपापल्या केबिनमधून ब्लँकेट, कपडे, बूट आणून देत होते, कुणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे आणि सुंदर झालं. पुढचं सांगते.

कॅप्टननी मला लिस्ट करायला बसवलं कारण रेस्क्यू सेंटरला पाठवायची होती, नाव, वय, स्त्री की पुरुष, तब्येत, राष्ट्रीयत्व. एक मुलगा, विशीतला असेल, त्याने नाव सांगितलं, वय सांगितलं, राष्ट्रीयत्वाच्या रकान्याला म्हणाला, काही लिहू नका, मला नाहीये. मला वाटलं कागदपत्रं हरवली असतील, म्हटलं हरकत नाही, जन्म कुठला तो सांग. तर म्हणाला जिथे जन्मलो तो देश म्हणतो तू आमचा नाहीस, आई-वडील जिथून आले तो देश पण म्हणतो आमचा नाहीस. शांतपणे सांगत होता, हजार वेळा सांगून झालेलं असावं. मी "स्टेटलेस" लिहिलं.

त्या रात्री मला नान्सेन पासपोर्ट आठवला. फ्रिट्जॉफ नान्सेन, नॉर्वेचा, बर्फातल्या मोहिमा करणारा माणूस, पहिल्या महायुद्धानंतर लीग ऑफ नेशन्सने त्याला निर्वासितांचं काम दिलं. रशियातून लाखो लोक बाहेर पडले होते आणि सोव्हिएत सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं, ते कुठलेच उरले नाहीत. नान्सेनने १९२२ मध्ये त्यांच्यासाठी एक ओळखपत्र काढलं, ते हळूहळू पन्नासच्या वर देशांनी मान्य केलं. लीग ऑफ नेशन्स म्हटलं की आपण दुसरं महायुद्ध थांबवू न शकलेली संस्था एवढंच म्हणतो आणि ते खरंच आहे, पण त्याच संस्थेच्या एका छोट्या ऑफिसने कुठलाच देश नसलेल्या माणसांच्या हातात कागद दिला आणि तो कागद बॉर्डरवर चालला. मला त्या मुलासाठी तसला एक कागद हवा होता. राष्ट्रीयत्व नसलेल्यांसाठी १९५४ आणि १९६१ चे करार आहेत, पण ज्या देशांनी त्यांवर सहीच केलेली नाही त्यांना ते लागू कसे करायचे.

लिस्ट गेली. उत्तर आलं, नोंद घेतली, पुढच्या सूचनेची वाट बघा. आम्ही इंजिन स्लो ठेवून थांबलो. सकाळी कॅप्टननी फोन लावला, की माझ्याकडे साठ लोक जास्तीचे आहेत, फ्री-फॉल लाइफबोट पंचवीसची, राफ्ट तेवढेच, पाणी बनवायची कपॅसिटी बावीस माणसांची, दोन गरोदर बायका, एकाला ताप, मला बंदर सांगा. सेंटर म्हणालं, आमच्याकडे ऑथॉरिटी नाही, वर विचारतो. दुपारी कळलं की वरचे म्हणतात सगळ्यात जवळचं बंदर शेजारच्या देशाचं आहे, तिथे विचारा. शेजारच्या देशाने कळवलं, रेस्क्यू ज्यांच्या हद्दीत झाला त्यांची जबाबदारी, आमच्या हद्दीत यायचं नाही. आमच्या फ्लॅगवाल्या, म्हणजे जहाज जिथे रजिस्टर आहे त्या देशाला लिहिलं, त्यांनी अतिशय नम्र ईमेल पाठवला की किनाऱ्यावरच्या देशांशी संपर्क ठेवा. जहाज चालवणाऱ्या कंपनीचे लोक रात्रंदिवस फोनवर होते, त्यांनी खरंच धडपड केली. चार्टररचा मेसेज आला की झालेल्या उशिराबद्दल सर्व हक्क राखून ठेवत आहोत.

एका दिवसाचं दुसऱ्या दिवसावर गेलं, मग तिसऱ्यावर. बोटीत लोकांना हाताने दाबून बसवणारी ती बाई एकदा माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, हे जहाज कुठल्या सरकारचं? मी म्हटलं कुठल्याच नाही, कंपनीचं आहे, पण मागे झेंडा आहे तो अमुक देशाचा. तिने विचारलं, मग ते सरकार आम्हाला कुठे उतरवायचं ते सांगेल का? मी म्हटलं नाही. मग कोण सांगेल? तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती, तिला खरंच वाटत होतं की एवढं मोठं जहाज, एवढे रेडिओ, एवढ्या लवकर आम्हाला शोधलं, म्हणजे याच्या वर कुणीतरी असणारच.

नाही कुणी. हीच ती जागा जिथे यंत्रणा संपते.

असं आधी झालेलं आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या जहाजाने चारशेच्या वर लोक वाचवले आणि ऑस्ट्रेलियाने उतरवून घ्यायला नकार दिला, जगभर गाजलं ते. त्यानंतर आयएमओमध्ये बोलणी झाली, २००४ मध्ये सोलास आणि बचाव करारात दुरुस्ती झाली, २००६ पासून लागू. कॅप्टनच्या केबिनमध्ये आम्ही ते पान काढून पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात म्हटलंय की ज्या देशाच्या बचाव हद्दीत हे घडलं त्याची प्राथमिक जबाबदारी आहे की बाकीच्या देशांशी समन्वय करून लोकांना सुरक्षित ठिकाणी पोचवायची सोय लावायची, आणि जहाजाला ठरलेल्या मार्गापासून कमीत कमी भरकटायला लागावं. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांत हेही आहे की माणसं वर घेतली, तातडीचा धोका टळला, एवढ्यावरून जहाजालाच सुरक्षित ठिकाण समजू नये. सगळं आहे. फक्त तुमचं स्वतःचं बंदर उघडा असं कुठे लिहिलेलं नाही, कारण तसं लिहिलं असतं तर बरेच देश टेबलवरून उठून गेले असते. सोय लावायची जबाबदारी एकाची, आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणायचा हक्क. २०२० मध्ये मार्स्क एटिएन नावाच्या टँकरने सत्तावीस लोक वाचवले आणि माल्टाच्या बाहेर पाच आठवड्यांच्या वर तो तसाच उभा राहिला, दुरुस्ती लागू होऊन चौदा वर्षं झाल्यावर.

रात्रीच्या वॉचला कॅप्टन झोप येत नाही म्हणून ब्रिजवर येऊन बसायचे. मी त्यांना म्हटलं, सर, जगाचं एक सरकार असतं तर आत्ता एका फोनवर काम झालं असतं. १९४२ च्या छोडो भारत ठरावात सुद्धा स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची मागणी होती, आईनस्टाईन आयुष्याच्या शेवटापर्यंत तेच सांगत होता, या लोकांना काय कळत नव्हतं?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली डेकवर जी माणसं झोपलीयत ती कशापासून पळाली? सरकारपासूनच ना. त्यांना पळता आलं कारण समुद्राच्या पलीकडे दुसरं सरकार आहे. उद्या सगळीकडे एकच सरकार झालं आणि ते असंच निघालं, तर बोट कुठे जाणार?"

मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने सुद्धा १७९५ मध्ये जवळपास हीच भीती मांडली होती, सगळ्यांवर एक राज्य नको, स्वतंत्र राज्यांचा संघ हवा, नाहीतर जुलूम जगभर एकच होईल. मी म्हटलं, बरोबर, पण मग आत्ता जे चाललंय त्याला काय म्हणायचं, प्रत्येक देश स्वतःच्या दारात राजा आणि दारांच्या मधल्या पाण्यात कुणीच नाही. कॅप्टन म्हणाले, मधल्या पाण्यात नियम आहेत की, आपण ते पाळले की नाही? आपण पाळले, मी म्हटलं, कारण नाही पाळले तर तुमचं सर्टिफिकेट जाईल, खटला होईल, जहाज पुढच्या बंदरात अडकवतील, इन्शुरन्सवाले प्रश्न विचारतील. देशांनी नाही पाळले तर काय होतं?

कॅप्टन म्हणाले, २०२० ला कोविडमध्ये मी जहाजावर होतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं, उतरू देईनात. आयएमओने सांगितलं क्रू चेंज करू द्या, आयएलओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलं, डिसेंबरला यूएनच्या आमसभेने ठराव करून सांगितलं की दर्यावर्दी लोकांना अत्यावश्यक कामगार माना. चार लाख लोक जहाजांवर अडकलेले होते असा आयएमओचा अंदाज. आणि माल? माल सगळ्या बंदरांत उतरत होता, एक दिवस थांबला नाही. जहाज बंदरात येत होतं, माल उतरत होता, माणूस गँगवेवरून, म्हणजे उतरायच्या शिडीवरून, खाली जाऊ शकत नव्हता.

एवढं बोलून ते गप्प झाले. या माणसाने इतकी वर्षं समुद्रावर काढली, इतके नियम काटेकोरपणे पाळले, आणि त्याच्यासाठी नियम पाळायची वेळ आली तेव्हा देशांनी दार लावून घेतलं.

त्या वॉचला माझ्या डोक्यात जे नीट बसलं ते असं. लोक विचारतात की जागतिक सरकार नसताना आंतरराष्ट्रीय नियम चालतातच कसे, त्यांना दात कुठे आहेत. जहाजांच्या बाबतीत दात आहेत, आणि खूप तीक्ष्ण आहेत. जहाज आज ना उद्या कुठल्या तरी बंदरात जाणारच, त्याशिवाय त्याला पैसेच मिळत नाहीत, आणि तिथे पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे त्या बंदराच्या देशाने नेमलेला, इन्स्पेक्टर उभा असतो. युरोपातल्या देशांनी १९८२ मध्ये पॅरिसला आपसात समझोता केला की झेंडा कुठलाही असो, आमच्या बंदरात आलं की तपासणार आणि नियमात नसेल तर सोडणार नाही, मग तशीच व्यवस्था जगाच्या बाकीच्या भागांत होत गेली. जागतिक पोलीस नाही, जागतिक कोर्टाचं वॉरंट नाही, नुसतं प्रत्येक बंदरात एकच पुस्तक घेऊन बसलेला एक माणूस, आणि सगळ्या जगातली जहाजं त्याला घाबरून असतात. पण देश कुठल्या बंदरात जातो? त्याला कुठेच यावं लागत नाही. तो घरात बसून नाही म्हणतो आणि विषय संपतो. सुरक्षा परिषदेत तर पाच जणांना नाही म्हणायचा हक्क चार्टरमध्येच लिहून दिलाय. म्हणून जी संघटना जहाजाला, विमानाला, रेडिओ फ्रिक्वेन्सीला नियम लावते ती झकास चालते, आणि जी देशाला नियम लावायला जाते ती अडखळते. माणसं दोन्हीकडे सारखीच हुशार आणि सारखीच कष्टाळू असतात, त्यामुळे यूएनचे लोक कामचुकार वगैरे जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही.

शेवटी परवानगी आली ती एका तिसऱ्याच देशाकडून, जो सगळ्यात लांब होता. त्याआधी म्हणे चार-पाच सरकारांत बोलणी झाली की इतके लोक तुम्ही घ्या, इतके आम्ही. म्हणजे जमत होतं! पहिल्या दिवशी जमलं असतं. दर वेळी नव्याने, जहाज समुद्रात उभं असताना, माणसांच्या तब्येती बिघडत असताना घासाघीस करायची याच्याऐवजी हे वाटप आधी ठरवून ठेवता येतं, बचाव हद्दी जशा ठरवल्या तशाच उतरवायच्या बंदरांच्या पाळ्या ठरवता येतात, खर्चासाठी सगळ्यांचा एक निधी काढता येतो. तेल सांडलं तर भरपाई द्यायला आंतरराष्ट्रीय निधी १९७० च्या दशकापासून आहे, टॉरी कॅन्यन टँकर १९६७ मध्ये फुटल्यानंतर त्याचा पाया घातला गेला. सांडलेल्या तेलासाठी आपण जागतिक व्यवस्था करू शकलो आणि वाचवलेल्या माणसांसाठी नाही, हे मला सहन होत नाही, अगदी मनापासून सांगते.

बंदराबाहेर अँकर टाकला, कोस्ट गार्डची बोट आली, लोक उतरले. तो राष्ट्रीयत्व नसलेला मुलगा उतरताना त्या अधिकाऱ्याने लिस्ट बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला, मुलाने तेच उत्तर दिलं, आणि त्याला वेगळ्या रांगेत उभं केलं. पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नसतं.

आम्ही तिथून आमच्या डिस्चार्ज पोर्टला, म्हणजे माल उतरवायच्या बंदराला गेलो आणि तिथे पोर्ट स्टेट कंट्रोलचा इन्स्पेक्टर चढला. त्याने सगळं बघितलं आणि लाइफजॅकेट मोजली. कमी भरली, कारण उतरताना मुलांच्या अंगावरची आम्ही काढून घेतली नव्हती. चीफ ऑफिसरने सगळी हकीकत सांगितली, इन्स्पेक्टरने नीट ऐकून घेतली, कॅप्टनशी हात मिळवला, आणि रिपोर्टमध्ये डेफिशियन्सी, म्हणजे त्रुटी, लिहिली, जहाज सुटण्याआधी संख्या पूर्ण करावी. आमचे काही जण भडकले. मला वाटतं त्याने बरोबर केलं, उद्या आमच्यावर वेळ आली असती तर ती जॅकेट लागलीच असती.

मी त्याच्याबरोबर ब्रिजवर पब्लिकेशन दाखवायला होते तेव्हा विचारलं की आम्हाला तुम्ही तपासता, बंदर नाकारणाऱ्या देशांना कोण तपासतं? मला वाटलं हसून सोडून देईल. त्याने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, देशांचं पण ऑडिट होतं, आयएमओचीच स्कीम आहे, आधी ऐच्छिक होती, १ जानेवारी २०१६ पासून सक्तीची झाली, साधारण सात वर्षांत एकदा प्रत्येक सदस्य देशाची पाळी येते, दुसऱ्या देशांतले ऑडिटर येऊन बघतात की तुम्ही सह्या केलेले करार पाळता का. मी विचारलं, आणि कमी सापडलं तर? म्हणाला, फाइंडिंग लिहितात, देशाने सुधारणेचा प्लॅन द्यायचा. दंड? नाही. अडकवून ठेवणं? नाही, देशाला कुठे अडकवणार. पण म्हणाला, पॅरिसचा समझोता झाला तेव्हा जहाजवाले पण असंच म्हणायचे, परक्या देशाचा माणूस आमच्या जहाजावर चढून काय करणार आहे.

मग त्याने पेन उचललं आणि विचारलं, लाइफजॅकेटची ऑर्डर गेली का. मी म्हटलं गेली, संध्याकाळपर्यंत येतील. म्हणाला, आली की फोन करा, मी येऊन मोजतो.